आजोबा आर.एम.एस.मध्ये होते: मिरजेच्या टपालाच्या डब्यातील नोकरी नेमकी कशी असे?

प्रश्न – कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. माझे आजोबा १९५६ मध्ये मिरजेस रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये (आर.एम.एस.) सॉर्टर, म्हणजे पत्रांची गावांनुसार छाननी करणारे कर्मचारी, म्हणून लागले आणि १९९२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेथूनच निवृत्त झाले. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात आजीही गेली आणि विश्रामबागचे घर आवरण्याचे काम माझ्याकडे आले. माळ्यावर त्यांची नोकरीतली काळी पत्र्याची ट्रंक निघाली. तीत लाखेचे दोन तुकडे, सुतळीचे एक भेंडोळे, १९८३ व १९९१ या सालांचे दोन टंकलिखित आदेश, गोल शिक्का असलेला एक जुना लिफाफा आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेले काही शे पुठ्ठ्याचे तुकडे सापडले. जुनी पोस्टकार्डे कापून केलेल्या या तुकड्यांवर एका बाजूला गावाचे नाव आहे, तर दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने एक आकडा आणि दोन-तीन अक्षरे लिहिलेली आहेत.

हे तुकडे आम्ही सर्वांनीच पाहिले होते. शेवटच्या चार-पाच वर्षांत आजोबा दुपारी खाटेवर बसून ते मांडत असत. आम्हा मुलांना वाटे, ते एकटेच पत्ते खेळत आहेत. मोठ्यांना वाटे, वयामुळे त्यांना विस्मरण होऊ लागले आहे. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही आपण होऊन काही सांगितले नाही. आता त्याबद्दल मनाला फार लागून राहिले आहे.

जाणकारांना माझे विचारणे असे, की आजोबा रेल्वेचे कर्मचारी होते की टपाल खात्याचे? आळीत सगळे त्यांना ‘रेल्वेवाले’ म्हणत, पण आजीने आयुष्यभर तिकीट काढूनच प्रवास केला. छत्तीस वर्षे नोकरी करूनही ते साहेब का झाले नाहीत, असे घरात काही वेळा बोलले जाई. त्या दोन आदेशांचा त्याच्याशी काही संबंध आहे का? लिफाफ्यावरील शिक्क्यात एक अक्षर, एक आकडा, ‘सेट’ आणि ‘आउट’ असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ काय? आणि मुख्य म्हणजे, हे तुकडे कशाचे आहेत?

उत्तर – निवृत्त सॉर्टिंग असिस्टंट, मिरज

ताई, आपला प्रश्न वाचून मी ते तुकडे कशाचे हे लगेच ओळखले. पण त्याकडे क्रमाने येतो, म्हणजे त्यांचे मोल नीट कळेल. मी १९७८ मध्ये या सेवेत आलो आणि २०१६ मध्ये निवृत्त झालो. आपल्या आजोबांच्या पिढीने आम्हाला हाताला धरून काम शिकवले.

आपले आजोबा टपाल खात्याचे कर्मचारी होते. गाडी रेल्वेची, तिला जोडलेला टपालाचा डबाही रेल्वेने पुरवलेला. पण त्या डब्यात काम करणारी माणसे टपाल खात्याची असत. त्यांचा पगार, निवृत्तिवेतन आणि रजा यांचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. कामावर असताना प्रवासाची मुभा असे, परंतु कुटुंबासाठी रेल्वेचा पास नसे. त्यामुळे आजींनी तिकीट काढले, ते बरोबरच होते. मिरजेला आजही आर.एम.एस.च्या ‘बी.एम.’ विभागाचे मुख्यालय आहे, हे सांगलीतील पुष्कळांना ठाऊक नसते. पोस्टमन दारी येतो, म्हणून लोक त्याला ओळखतात. टपाल कार्यालयातील खिडकीवरचा माणूसही ओळखीचा होतो. रात्री दोन वाजता आपले पत्र हातात घेऊन, पत्ता वाचून, योग्य खणात टाकणारा मनुष्य मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

आता त्या डब्यातील कामाविषयी लिहितो. डब्याच्या एका लांब भिंतीला छतापर्यंत लाकडी खणांची केस बसवलेली असे, दुसऱ्या बाजूला थैल्या अडकवण्याचे हुक असत आणि मधल्या अरुंद जागेत आम्ही उभे राहत असू. एका सेटमध्ये, म्हणजे पाळीने काम करणाऱ्या गटात, एक हेड सॉर्टर, कामाच्या भारानुसार काही सॉर्टर आणि थैल्या उचलणारे व्हॅन पीऑन असत. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी येऊन थैल्या ताब्यात घ्यायच्या, मेल लिस्टप्रमाणे मोजायच्या, प्रत्येकीची लाखेची मोहर तपासायची आणि मगच सही करायची. थैली उघडताना सुतळी एकाच ठिकाणी कापायची, मोहर अखंड ठेवायची आणि आतील नोंदीचे टपाल मोजून जुळेपर्यंत ती सुतळी, मोहर व लेबल बाजूला जपून ठेवायचे, असा दंडक होता; कारण आत एखादे रजिस्टर पत्र कमी निघाले, तर थैली वाटेत कोणी उघडली होती की नाही याचा तोच एक पुरावा असे. आपल्या ट्रंकेतील लाख आणि सुतळी पाहून मला याचीच आठवण झाली. नवीन माणसाच्या हातून घाईत मोहर तुटली, की जुने लोक रागावत नसत, पण त्याला पुढची दहा थैल्यांची कापणी स्वतःजवळ उभे करून करायला लावत.

त्यानंतर सॉर्टिंग. पत्रांचा गठ्ठा डाव्या हातावर, उजव्या हाताने एकेक पत्र खणात. गाडी डुलत असते, दिवा डोक्यावर असतो, आणि गाडी एखाद्या स्थानकात फार वेळ थांबली की तो मंद होत जातो. अशा वेळी मेणबत्ती लावून काम केलेले मला आठवते. किर्लोस्करवाडी येण्याआधी किर्लोस्करवाडीची थैली बंद झालेली असली पाहिजे, ताकारीच्या आधी ताकारीची. स्थानकात मिनिट-दोन मिनिटे मिळत. त्यात टपाल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून थैल्या घ्यायच्या, आपल्या द्यायच्या आणि सह्या करायच्या. गाडी टपालासाठी थांबत नाही. एक थैली द्यायची राहिली, तर ती पुढे जाऊन परत येईपर्यंत त्या परिसरातील सर्व गावांचे टपाल एक दिवस मागे पडे.

येथेच आपले तुकडे येतात. सॉर्टरला नुसती गावे पाठ असून भागत नसे. कोणते गाव कोणत्या टपाल कार्यालयाखाली येते, त्याची थैली कोणत्या स्थानकावर उतरते आणि त्या वेळी कोणती जोडगाडी मिळते, हे सर्व मिळून एका पत्राचा खण ठरत असे. नकाशावर जवळ दिसणारे गाव टपालाच्या वाटेने दूर असू शकते. शिवाय एकाच नावाची गावे किती! नागठाणे सातारा तालुक्यात आहे आणि बालगंधर्वांचे नागठाणे आपल्या पलूस तालुक्यात. औंध संस्थानाचे औंध खटाव तालुक्यात, तर दुसरे औंध पुण्याजवळ. कोरेगाव साताऱ्यात आहे आणि भीमेकाठीही आहे. बोरगाव आणि वडगाव यांची तर मोजदादच करू नये. पत्रावर ‘मु. पो. नागठाणे’ एवढेच लिहिलेले असे आणि खालचा जिल्हा पावसाने पुसलेला. तेव्हा पाठवणाऱ्याचे गाव, अक्षराचे वळण, आडनाव यांवरून अंदाज बांधावा लागे.

आजोबा १९५६ मध्ये लागले, हे लक्षात घ्या. त्या वेळी आपला जिल्हा ‘दक्षिण सातारा’ होता. त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. १९५६ मध्येच बेळगाव आणि विजापूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. लोक मात्र पुढे अनेक वर्षे जुनाच जिल्हा लिहीत राहिले, आणि सीमेपलीकडील अथणी, चिकोडीची पत्रे कानडीत पत्ता लिहून मिरजेस येत. आमच्या जुन्या सॉर्टरांना कानडी वाचता येत असे. त्यांपैकी काहींनी ती केवळ पत्ते वाचण्यासाठी शिकली होती.

हे सर्व डोक्यात राहावे म्हणून सॉर्टर मंडळी घरी सराव करीत. त्यासाठी जुनी पोस्टकार्डे कापून, एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला खणाचा क्रमांक व थैलीच्या नावाची आद्याक्षरे लिहून, आपापला संच तयार करण्याची पद्धत होती. परीक्षेच्या वेळी अशाच चिठ्ठ्या ठरावीक वेळेत बिनचूक लावून दाखवाव्या लागत. आजोबा खाटेवर पत्ते खेळत नव्हते, ताई. ते सॉर्टिंग करत होते. विस्मरणाची शंका आपल्यापैकी कोणास असेल तर तुकडे उलटून पाहावेत आणि ते किती बरोबर लावत असत याची आठवण ताडून पाहावी. माझा अंदाज असा आहे, की शंका उरणार नाही.

चूक झाल्यास ती लपत नसे, हेही सांगतो. प्रत्येक गठ्ठ्यावरील चिठ्ठीवर तो बांधणाऱ्याच्या नावाचा शिक्का असे. साताऱ्याचे पत्र सोलापूरच्या गठ्ठ्यात निघाले, तर तो गठ्ठा उघडणारा मनुष्य चुकीची नोंद करून वर पाठवी आणि काही दिवसांनी ती आमच्यासमोर येई. विमा उतरवलेले पाकीट हरवले आणि हयगय सिद्ध झाली, तर पगारातून वसुली होत असे.

आता बढतीविषयी. सॉर्टरच्या वरच्या निवड श्रेणीत जागा फार थोड्या असत. विभागीय परीक्षा देऊन इन्स्पेक्टर होता येई, पण त्यासाठी बदल्या स्वीकाराव्या लागत आणि घरची माणसे मागे ठेवावी लागत. बहुसंख्य लोक एकाच श्रेणीत वीस-पंचवीस वर्षे काढत. या कुंठितावस्थेवर उपाय म्हणून ३० नोव्हेंबर १९८३ पासून सोळा वर्षांच्या सेवेनंतर एक कालबद्ध पदोन्नती देण्याची योजना आली आणि ऑक्टोबर १९९१ पासून सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर दुसरी. आपल्याकडील दोन आदेश बहुधा हेच आहेत. आजोबांना १९८३ मध्ये सत्तावीस वर्षे झाली होती; म्हणजे पहिली बढती मिळायला इतका काळ जावा लागला. यात त्यांची उणीव काहीच नव्हती. उलट, त्या ज्येष्ठतेचा मनुष्य सेटचा प्रमुख म्हणून काम करत असणार, आणि धावत्या डब्यात सेटच्या प्रमुखाचा शब्द अखेरचा असे. गाडी घाटात अडकली, पूल पाण्याखाली गेला, माणूस आजारी पडला, तरी थैल्यांचे काय करायचे हे ठरवणारा तोच. साहेब हा शब्द त्याच्या नावापुढे लागत नव्हता, एवढेच.

उत्तर – ओगलेवाडीची लेक, सध्या सातारा

माझे वडील पुणे-मिरज मार्गावर मेल गार्ड, म्हणजे गाडीतील टपालाच्या थैल्या सांभाळणारे, होते. आमचे घर ओगलेवाडीस, म्हणजे कऱ्हाड स्थानकाच्या गावातच होते. वरील काकांनी कामाविषयी इतके नेमके लिहिले आहे, की मी घराविषयी तेवढे लिहिते.

आर.एम.एस.च्या घराला वार नसत. वडील ‘आउट’ला गेले, ‘इन’ला आले, अशीच आमची दिनगणती असे. आदल्या संध्याकाळी आई दशम्या आणि लसणीची चटणी बांधून देई, कारण दुसऱ्या टोकाच्या रेस्ट हाउसमध्ये सर्वजण आळीपाळीने स्वयंपाक करत आणि पहिल्या दिवशी तरी घरचे असावे असा तिचा आग्रह होता. परत आले की ते दिवसा झोपत. त्या वेळी आम्ही भावंडे पायांचा आवाज न करता चालत असू. आजही दुपारी कोणी जोरात दार लावले, की मी दचकते. त्यांचे कपडे धुताना पाणी काळे होई. थैल्यांची धूळ, लाखेचा धूर आणि इंजिनाचा कोळसा. शेवटी शेवटी त्यांना खोकल्याने फार त्रास दिला.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या खिशांत हलव्याचे दाणे आणि तीळ सापडत. लोक शुभेच्छापत्राबरोबर तिळगूळ लिफाफ्यात घालून पाठवत आणि शिक्का मारताना तो फुटून खाली सांडे. ते दाणे डब्यातील कोणी खात नसे, असे वडील सांगत. झाडून एका कागदात गोळा करून ठेवत, कारण ते ज्याचे त्याला पोहोचले नाही तर निदान पायदळी येऊ नये.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वडील फेरीवर होते. आमच्या घराची एक भिंत तडकली. आईने आम्हाला अंगणात घोंगडीवर बसवले आणि गावातल्याच कारखान्यातला प्रभाकर कंदील मध्ये ठेवला. वडिलांचा निरोप नाही, आमचा त्यांना नाही. ते दोन दिवसांनी आले, भिंतीकडे पाहिले, आम्हाला मोजले आणि तासाभराने पुन्हा निघाले. पाटण-कऱ्हाडकडे येणाऱ्या चौकशीच्या पत्रांनी थैल्या तुडुंब भरल्या होत्या आणि माणसे कमी होती. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. मुंबईच्या गिरण्यांमधील आणि सैन्यातील मुले घरची खुशाली विचारत होती, ती पत्रे पोहोचवणारेही कोणी तरी हवेच होते, हे समजायला मला फार वर्षे लागली. आपल्या आजींनी तिकीट काढून केलेल्या प्रवासाबरोबरच त्यांनी एकटीने काढलेल्या रात्रीही मोजा, एवढेच मला सांगायचे आहे.

उत्तर – टपालमुद्रा संग्राहक, सातारा

लिफाफ्यावरील शिक्क्याविषयी लिहितो. अक्षर आणि आकडा ही सेक्शनची, म्हणजे विशिष्ट मार्गावर विशिष्ट गाडीने जाणाऱ्या टपालडब्याची खूण होय. एकाच सेक्शनवर माणसांचे अनेक गट पाळीपाळीने काम करत. त्यांतील गटाचा क्रमांक म्हणजे ‘सेट’. मुख्यालयाकडून निघालेली फेरी ‘आउट’ आणि परतीची ‘इन’. टपालाच्या डब्याला बाहेरून पत्र टाकण्याची फट असे आणि जादा तिकीट लावून ऐन वेळी पत्र तेथे टाकता येई. आपला लिफाफा तसाच टाकलेला असावा. तो कृपया ओलसर जागी ठेवू नये आणि त्यावरील तिकीट सोडवू नये. शिक्क्यासह अखंड लिफाफा हाच खरा दस्तऐवज आहे.

भारतात धावत्या गाडीत टपालाची छाननी १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली. आपल्या भागात पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद होईपर्यंत मीटर गेज, म्हणजे मुंबई-पुण्याच्या ब्रॉड गेजपेक्षा कमी रुंदीच्या रुळांचा, होता. म्हणजे मुंबईच्या थैल्या पुण्यास एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत. रुंदीकरणानंतर मिरजेस पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉड गेज, बेळगावकडे मीटर गेज आणि पंढरपूरकडे नॅरो गेज असे तीन मार्ग एकाच स्थानकात आले. तेथील टपालाच्या हातगाड्या किती फिरत असतील, याची कल्पना करावी.

आजोबांच्या पाठांतराचे ओझे १५ ऑगस्ट १९७२ रोजी काहीसे हलके झाले असावे, कारण त्या दिवशी पिनकोड आला. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातील, संस्कृत कवी म्हणूनही मान्यता पावलेले. सांगली ४१६४१६ आणि सातारा ४१५००१. पहिल्या तीन अंकांवरच दोन नागठाणी वेगळी होतात.

उत्तर – निवृत्त सॉर्टिंग असिस्टंट, मिरज

संग्राहक महोदयांनी पिनकोडविषयी लिहिले, ते योग्य आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. पिनकोड आला, पण तो लिहिण्याची सवय लोकांना लागायला फार वर्षे गेली, आणि मी १९७८ मध्ये आलो तेव्हाही गठ्ठ्यातील पुष्कळ पत्रांवर तो नसे. त्यामुळे आजोबांच्या पिढीचे ज्ञान त्यांच्या निवृत्तीपर्यंत कामी येत राहिले. ऐंशीच्या दशकात मात्र धावत्या गाडीतील सॉर्टिंग टप्प्याटप्प्याने बंद झाले. सॉर्टिंग स्थानकाजवळच्या मेल ऑफिसात गेले आणि गाडीतून केवळ बंद थैल्या जाऊ लागल्या. तो बदल आवश्यक होता असे माझे मत आहे, कारण डब्यांची अवस्था चांगली राहिली नव्हती आणि माणसांच्या तब्येती बिघडत होत्या. तरीही त्या वेळी केससमोर उभे राहून पंचवीस-तीस वर्षे काढलेली माणसे एकदम गप्प झालेली मी पाहिली आहेत. ज्या गोष्टीसाठी त्यांना सर्वजण विचारत असत, ती कोणी विचारेनासे झाले.

प्रश्नकर्तीचे उत्तर – कृष्णाकाठ, सांगली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि आईने सर्व तुकडे जमिनीवर मांडले. एकूण सहाशे अठरा भरले. मागील आकडे पाहून आम्ही त्यांचे गट लावले. काकांनी म्हटल्याप्रमाणे अक्षरे थैल्यांचीच असावीत, कारण ‘कऱ्हा’, ‘ताका’, ‘किर्लो’ अशी ओळखू येणारी आद्याक्षरे वारंवार आली आहेत. नागठाणे दोन आहेत. पलूसकडच्या नागठाण्याच्या तुकड्यावर गावाच्या खाली ‘द. सातारा’ असे निळ्या शाईत लिहून ते खोडले आहे आणि बाजूला काळ्या शाईत ‘सांगली’ लिहिले आहे. त्याखाली, अगदी थरथरत्या अक्षरात आणि नक्कीच अलीकडच्या बॉलपेनने, ‘४१६’ असा आकडा आहे. असा बॉलपेनचा आकडा सुमारे दोनशे तुकड्यांवर आहे, बाकीच्यांवर नाही. म्हणजे निवृत्तीनंतर खाटेवर बसून ते संच नव्याने पुरा करत होते आणि ते काम अर्धे राहिले.

काका, काही तुकड्यांवरील अक्षरे आम्हाला लागत नाहीत, आणि वीस-बावीस तुकड्यांवर गावाचे नाव कानडीत आहे. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी डबा घेऊन मिरजेस येऊ का?

उत्तर – निवृत्त सॉर्टिंग असिस्टंट, मिरज

अवश्य यावे. दुपारी चारनंतर मी घरीच असतो. माझ्याबरोबर सेटमध्ये असलेले आणखी दोघे मिरजेत आहेत, त्यांनाही बोलावून ठेवतो. त्यांच्यापैकी एकाला कानडी उत्तम वाचता येते. येताना तुकड्यांचे गट मोडून आणावेत. आम्हाला ते लावून पाहायचे आहेत.